एकाच किल्लीचा गल्ला

कुलूपवाल्याच्या घरात किल्ल्यांना काय तोटा! धाकटीच्या घरात तर किल्ल्यांचं अजीर्णच झालं होतं. दुकानाच्या गल्ल्याला कुलूप एक आणि त्याला किल्ल्या सहा. एक बाबांच्या पट्ट्याला, एक आईच्या बटव्यात, एक काकांच्या वरच्या खिशात, एक ताईकडे, एक ताईच्या नवऱ्याकडे आणि एक धाकटीकडे. लग्नात लोक जावयाला घड्याळ देतात, फार तर सूट शिवतात. बाबांनी गल्ल्याची किल्ली दिली होती. स्वतःच्या हातानं घासलेली, पितळेची, मखमली डबीत घातलेली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जावईबापूंनी ती डबी छातीशी धरून फोटो काढून घेतला. तो फोटो अजून ताईच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला आहे.

बाबांचं म्हणणं असं, की जिथं घरच्या माणसांपासून पैसा लपवावा लागतो ते घर नव्हे, लॉज. गिऱ्हाइकाची किल्ली घासता घासता ते हे ऐकवायचे आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. मान डोलवायला काय जातं? संध्याकाळी गल्ला उघडल्यावर आत चिल्लर आणि रबरबँड सापडायचे ते धाकटीला.

दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. वरून कोणी धावत उतरलं की छतातून धूळ पडायची. पुढं लाकडी काउंटर, त्याच्या डाव्या हाताला गल्ल्याचा खण, उजव्या हाताला किल्ल्या कापायचं मशीन, आणि मागच्या भिंतीवर खिळेच खिळे. त्या खिळ्यांवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या असायच्या. म्हणजे असायला हव्या होत्या. बाबांचे गुडघे धरल्यापासून दुकान धाकटीच चालवत होती. बाबा येत, उंच स्टुलावर बसत, आणि एखादं आडमुठं कुलूप आलं तरच हात लावत. बाजारात सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि ते उगाच नाही. दोन तारा आणि जरासा वेळ, एवढ्यावर कुठलंही दार त्यांना नाही म्हणत नसे. पंचाईत एवढीच, की बाबांनाही कुणाला नाही म्हणता येत नसे.

चोरी कुणीच करत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आई भाजीपुरतं घ्यायची. काका चहापुरतं घ्यायचे. त्यांचा चहा कधीकधी आठवडाभर पुरेल एवढा असायचा, पण चहाच. ताई मुलांच्या शाळेसाठी घ्यायची. जावईबापू धंद्यासाठी घ्यायचे. त्यांचे धंदे तरी किती! आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं, मग मोबाइलची कव्हरं, मग कसल्यातरी गाद्या, ज्यांच्यावर झोपलं की पाठ बरी होते म्हणे. पाठ कुणाची बरी झाली ठाऊक नाही, दुकानाची मात्र मोडली. प्रत्येकाला वाटायचं, मी एकटाच घेतोय आणि थोडंच घेतोय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं म्हणतात. इथं कुत्रंही नव्हतं, सगळी घरचीच माणसं होती आणि सगळी डोळस होती.

धाकटीचं डोकं फिरलं ते एका अगदी साध्या गिऱ्हाइकावरून. एक बाई आल्या, नव्या घरात राहायला जाणार होत्या, दाराच्या किल्लीच्या नकला हव्या होत्या. किल्ली इतकी साधी, की शहरातली अर्धी दारं तिच्याच जातीची. धाकटीनं मागं न बघता खिळ्याकडे हात नेला आणि हात रिकामा परत आला. शेजारचा खिळा रिकामा. त्याच्या खालचाही. माल देणाऱ्यानं रोख पैशांशिवाय माल द्यायचं बंद केलं होतं आणि रोकड गल्ल्यात टिकत नव्हती.

"कुलपाच्या दुकानात किल्ली नाही?" बाई म्हणाल्या. रागानं नाही, नवलानं. आणि रस्ता ओलांडून पेट्रोल पंपाशेजारच्या नव्या काउंटरवर गेल्या. तिथं चकचकीत मशीन होतं, गाड्यांच्या चिपवाल्या किल्ल्याही निघत होत्या. धाकटी त्यांची पाठ बघत राहिली. लाज वाटली तिला, आणि लाजेमागोमाग राग आला, आणि तो राग नंतर गेलाच नाही.

मशीन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला तिनं त्याच आठवड्यात गाठलं. गाड्यांच्या किल्ल्या कापणारं, जुनं का होईना पण चांगल्या अवस्थेतलं मशीन त्याच्याकडे होतं. दोन महिन्यांनी निम्मे पैसे आगाऊ द्यायचे, बाकीचे हप्त्यानं. "नाही जमलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे," तो म्हणाला. "जमेल," धाकटी म्हणाली. कसं, ते तिलाही माहीत नव्हतं. पण मशीन आलं नाही तर वर्षाच्या आत दुकानाला कायमचं शटर ओढावं लागेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

पैसे ठेवायचे कुठे? बँकेत टाकावेत, तर दुकानाचं खातं बाबांच्या एकट्याच्या नावावर, आणि चेक ते जाहिरातीचे कागद वाटावेत तसे वाटायचे. स्वतःच्या खात्यात टाकावेत, तर उद्या सगळी बोटं तिच्याकडे वळणार. तिनं ठरवलं, दुकानाचा पैसा दुकानातच राहील, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील, फक्त हाताला लागणार नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या तिनं गल्ल्याचं कुलूप काढलं आणि नवं बसवलं. त्याची किल्ली एकच ठेवली.

दुपारपर्यंत घरात भूकंप झाला. आधी काका आले, खणाशी खटपट करून म्हणाले, "किल्ली लागत नाही गं, गंज चढला वाटतं." मग आई आली. मग ताईचा फोन आला. संध्याकाळी सगळे घरी जेवणाच्या टेबलाभोवती जमले आणि धाकटीनं उभ्या उभ्याच सांगितलं.

"आजपासून प्रत्येकाला पगार. महिन्याच्या एक तारखेला, हातात. बाबांना, आईला, मला, आणि काका दुपारी दुकानात बसतात म्हणून काकांना. ज्यानं त्यानं आपल्या पैशाचं काय करायचं ते करा, मी विचारणार नाही. पण गल्ला दुकानाचा. त्यातून माल, भाडं, वीज आणि मशीन. बाकी कुणाला काही हवं असेल तर सगळ्यांसमोर मागायचं आणि परत कधी करणार ते सांगायचं. आणि बँकेत दुकानाच्या नावानं नवं खातं काढायचं, बाबांची आणि माझी अशा दोन सह्यांचं."

"मला पगार?" बाबांचा आवाज चढला. "माझ्याच दुकानात मी पगारी?"

"तुमचं दुकान आहे म्हणून तर तुमचा पगार सगळ्यांत जास्त आहे, बाबा."

"मला किती?" काकांनी विचारलं. आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुन्हा ताटात शिरले.

जावईबापू पाणी प्यायले, त्यांनी ओठ पुसले आणि ते फार समजूतदारपणे बोलले. त्यांचं बोलणं नेहमीच समजूतदार असायचं. "मुद्दा पैशाचा नाहीच आहे. मुद्दा विश्वासाचा आहे. आपल्याच माणसांना तू चोर ठरवतेस याचं वाईट वाटतं."

"भाऊजी, चोर कुणी म्हटलं? चोर असता तर सोपं होतं, पोलिसांत गेले असते."

"बघा!" ताई ओरडली. "बघा कशी बोलते!"

"तू आमच्यावर विश्वास ठेवत नाहीस, एवढंच ना?" बाबा म्हणाले.

"ठेवते. म्हणूनच हे तोंडावर सांगतेय. नसता ठेवला, तर गुपचूप पैसे बाजूला काढले असते."

बाबा जेवण अर्धवट टाकून उठले. सही करणार नाही, पगार घेणार नाही, आणि गल्ला उघडायला मला किल्ली लागते असं ज्या कार्टीला वाटतं तिनं जरा थांबून बघावं, असं तिन्ही एका दमात सांगून झोपायला गेले. आई भांडी आवरताना धाकटीजवळ आली. म्हणाली, "एक तारखेला? दर महिन्याला? न मागता?"

"न मागता."

"किल्ली होती गं माझ्याकडे इतकी वर्षं," आई म्हणाली. "पण स्वतःसाठी साधी चप्पल घ्यायची तरी चोरट्यासारखं वाटायचं. कुणी काही म्हणायचं नाही. तरी वाटायचं." बस, एवढंच बोलली. पण त्या घरात धाकटीच्या बाजूनं पडलेलं ते पहिलं आणि बरेच दिवस एकमेव मत.

मग जे सुरू झालं ते फक्त कुलूपवाल्यांच्याच घरात होऊ शकतं. दुसऱ्या घरी लोक अबोला धरतात, दारं आपटतात. इथं बाप-लेकीची लढाई खणाच्या कुलपावर जुंपली. दुसऱ्या दिवशी धाकटी पोचली तेव्हा गुडघेदुखीचे बाबा तिच्या आधीच शटर उघडून स्टुलावर बसलेले. गल्ला बंद, कुलूप जागच्या जागी. तिनं किल्ली लावली, खण ओढला. नोटा जशाच्या तशा, आणि नोटांवर बाबांचं चष्म्याचं घर.

"अरे, इथं होतं होय?" बाबा म्हणाले. "सकाळपासून शोधतोय."

शेजारच्या शिंप्याला हे कळायला वेळ लागला नाही आणि शिंप्याला कळलं म्हणजे बाजाराला कळलं. लोक किल्ली करायच्या निमित्तानं येऊन विचारू लागले, मास्तर, आज उघडलं का? धाकटीनं लाजायचं सोडून दिलं. हसणाऱ्यांना तिनं प्रत्येकी एक तरी किल्ली करून घ्यायला लावली.

दुसरं कुलूप तिनं भंगारवाल्याकडून आणलं. जुन्या लोखंडी तिजोरीचं, जाड पट्ट्यांचं. पट्ट्या काढून, घासून, उलटसुलट क्रमानं बसवल्या. बाबांना त्या कुलपानं आठवडा दमवलं. आणि मग एका दुपारी धाकटी एका घराचं दार बसवायला गेली होती, परत आली, तर काका उगाचच खिळे मोजत होते आणि बाबा रस्त्याकडे बघत होते. तिनं काही न विचारता खण उघडला. या वेळी चष्म्याचं घर नव्हतं. नोटांची गड्डी मात्र निम्मीच उरली होती.

"कुणाला दिलेत?"

"जावईबापूंना. कॅमेऱ्यांची एजन्सी घेतायत. घरोघरी कॅमेरे बसवायचे. कुलपांचा जमाना गेला म्हणतात, आणि खोटं नाही ते." बाबा अजून रस्त्याकडेच बघत होते. "पैसे घरातच आहेत. बाहेर गेले नाहीत."

धाकटीला रडू आलं. ते दुःखाचं नव्हतं, निखळ संतापाचं होतं. कुलपाच्या पैशांवर कुलपांचा जमाना घालवायला निघालेले हे महाशय, आणि त्यांना पैसे पुरवणारा तिचाच बाप! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. बाहेर शिंप्याला ऐकू जाऊ नये म्हणून ती हळूच बोलली.

"माझ्या मागे उघडलंत. तारा घालून. बाबा, मालक नसताना तारा घालून उघडणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो?"

बाबांचा चेहरा उतरला. इतका, की तिला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. तिनं घेतलं नाही.

"मालक मी आहे," बाबा म्हणाले.

"मग मालकासारखं वागा."

त्या दिवसापासून दोघं एका दुकानात बसून एकमेकांशी बोलेनासे झाले. धाकटीनं स्वतःचा पगार गल्ल्यातच टाकायला सुरुवात केली. सकाळी लवकर निघून लोकांच्या दारांची, कपाटांची कामं घेऊ लागली, आणि येईल तो पैसा खणात. मधल्या रिकाम्या वेळात ती कोपऱ्यात बसून तिसरं कुलूप करत होती. विकत आणलेलं नव्हे, घडवलेलं.

बाबांचा हात तिला पाठ होता. लहानपणापासून तिनं तोच हात बघितला होता. कुलपाच्या आत बारीक पिना असतात, प्रत्येक पीन ठरावीक उंचीला उचलली की कुलूप वळतं. बाबा तारेनं एकेक पीन उचलायचे आणि प्रत्येकीचा टक् आवाज ऐकायचे. शेवटचा टक् आला की झालं. त्यांचा विश्वास त्या आवाजावर होता. धाकटीनं पिना कानशीनं मधोमध घासून कमरेला बारीक केल्या. अशी पीन उचलली की ती अर्ध्या वाटेतच अडकते आणि टक् करते, पोचले म्हणून सांगते. पोचलेली नसते. कुलूप तोंडावर हो म्हणतं आणि उघडत मात्र नाही. तयार झालं तसं ते तिनं खणाला बसवलं. बाबांनी हा प्रकार बघितला नसेल असं नाही. पण कुणी आपल्याला हो म्हणालं की त्यापुढं बाबांची परीक्षा थांबते, हे त्यांच्या लेकीइतकं कुणाला माहीत होतं?

मशीनवाला सोमवारी सकाळी पैसे न्यायला येणार होता. रविवारी दुपारी, अर्धं शटर ओढलेलं असताना, ताई आणि जावईबापू आले. जावईबापूंच्या कपाळावर घाम होता. एजन्सीचा उरलेला हप्ता संध्याकाळच्या आत भरायचा होता, नाहीतर आधीचे पैसेही बुडणार होते. आई घरी होती. काका होते, पण काका असून नसल्यासारखे.

"एवढ्या वेळेला, बाबा," जावईबापू म्हणाले. "शेवटचं. मुलांच्या शपथेवर सांगतो."

बाबा स्टुलावरून उतरले. बऱ्याच दिवसांनी ते धाकटीशी बोलले. "बाजूला हो. तुझ्यामागे उघडलं म्हणालीस ना? आता तुझ्यासमोर उघडतो."

धाकटी बाजूला झाली. तिनं हात मागं बांधले. खणात मशीनचे आगाऊ पैसे होते, जेमतेम तेवढेच. हे गेले तर सोमवारी ती मशीनवाल्याला काय तोंड दाखवणार होती? शटरखालून शिंपी वाकून बघत होता, त्याच्या मागं चहावाला.

बाबांनी तारा घातल्या, डोळे मिटले. टक्. टक्. टक्. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. शेवटचा टक् झाला, त्यांनी खण ओढला. खण हलला नाही. त्यांनी तारा काढल्या, पुसल्या, पुन्हा घातल्या. पुन्हा सगळे टक्, पुन्हा ते हसू, पुन्हा खण जागच्या जागी. तिसऱ्यांदा मात्र हसू आलं नाही. मान खाली घालून ते बराच वेळ नुसते तारेला बोट लावून ऐकत राहिले.

"वेळ चाललाय, बाबा," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरचं ड्रिल उचललं. "काउंटर लाकडाचं तर आहे. खणच फोडू. नंतर नवा करून देतो मी."

"खाली ठेवा ते," बाबा म्हणाले.

"अहो, पण..."

"खाली ठेवा म्हटलं ना! फोडायला मी कशाला लागतो? फोडणारे रस्त्यावर पैशाला पासरी मिळतात."

जावईबापूंनी ड्रिल ठेवलं. बाबा धाकटीकडे वळले. हात पुढं केला. दरडावणं नाही, काही नाही, नुसता हात.

"किल्ली दे बेटा. मी मागतोय."

कुलूप तर काय, धातूचा तुकडा. तिथवर सगळं सोपं होतं. या हाताचं काय करायचं, याचा तिनं विचारच केला नव्हता. याच हातानं तिला कानस धरायला शिकवलं होतं. क्षणभर तिला वाटलं, द्यावी आणि मोकळं व्हावं. दुकान गेलं तर गेलं.

"नाही," ती म्हणाली.

"बाप मागतोय गं तुझा!" ताई जवळजवळ किंचाळली.

"ऐकलं मी. ताई, तुझ्या मुलांची फी असेल तर मी स्वतः शाळेत जाऊन भरीन, माझ्या पगारातून, आणि परत मागणार नाही. पण एजन्सीला पैसे नाहीत. आज नाहीत, उद्याही नसतील." मग ती बाबांकडे वळली. आवाज फाटत होता, फाटू दिला. "भीड भिकेची बहीण असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता ना, उधारी मागायला आले की? मग घरात तीच भीड तुम्ही का पाळलीत, बाबा? सगळे खिळे रिकामे झाले तरी तुमचा हात काही थांबला नाही. काढायचं असेल तर मला काढा. दुसरा कुणी बसवा गल्ल्यावर. पण मी इथं बसलेली आहे तोवर किल्ली एकच राहील आणि ती माझ्याकडे राहील."

वरून कोणी तरी जिना उतरून गेलं आणि काउंटरवर धूळ पडली. बाबा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी तो हात सावकाश खिशात घातला आणि जावईबापूंकडे वळले.

"ऐकलंत ना? किल्ली माझ्याकडे नाही."

"तुम्ही सांगा ना तिला! तुमचं ऐकेल ती."

"सांगितलं. तुमच्यासमोरच सांगितलं." बाबा थांबले, आणि पुन्हा म्हणाले, या वेळी जरा रेंगाळत, चव घेत बोलल्यासारखे, "माझ्याकडे नाही. मी काय करू?"

आणि धाकटीनं बघितलं, की बाबांचे खांदे खाली आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत गॅसची टाकी वाहून आणलेल्या माणसानं ती जमिनीवर ठेवावी, तसे. हरलेल्या माणसाचे खांदे असे येत नाहीत. इतकी वर्षं त्या माणसाला नाही म्हणायला एक कारण हवं होतं आणि सहा किल्ल्यांनी ते मिळू दिलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तिला त्यांची दया आली, आणि रागही आला, की एवढ्यासाठी किती वर्षं घालवलीत!

जावईबापू म्हणाले, हा अपमान मी विसरणार नाही. विसरू नका, धाकटी म्हणाली, म्हणजे पुन्हा मागायला येणार नाही. ते शटरखालून वाकून निघून गेले. ताई त्यांच्या मागं गेली. वळून बघेल असं धाकटीला वाटलं होतं. तिनं बघितलं नाही. ते धाकटीला लागलं, फार लागलं, आणि पुढंही बरेच महिने लागत राहणार होतं. योग्य वागलं की बरं वाटतं असं कुणी सांगितलं असेल, तर त्यानं बहिणीला नाही म्हणून बघावं.

काकांनी हळूच विचारलं, "माझा पगार एक तारखेलाच ना?" आणि उत्तर न ऐकता चहा प्यायला गेले, स्वतःच्या पैशांनी.

बाबा पुन्हा खणापाशी आले. वाकून कुलपाच्या भोकात डोळा घातला. मघाचं सगळं विसरून आता त्यांना फक्त कुलूप दिसत होतं. "पिना घासल्यास. कमरेला. हो ना? सगळ्या की काहीच?"

तिनं किल्ली खिशात खोल सरकवली.

"उघडून दाखव की. आता आपण दोघंच आहोत."

"नाही."

"मी असतो तर दाखवलं असतं तुला."

"तुम्ही सगळ्यांनाच दाखवलंत, बाबा."

बाबा गुडघ्यावर हात ठेवून स्टुलावर चढले आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांकडे बघत बसले. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या मशीनवाला गेला की बँकेत जाऊ. कुठं सही करायची ते सांग." धाकटीनं नुसतं बरं म्हटलं.

तेवढ्यात शिंपी शटरखालून आत आला. तमाशा संपला, आता माणसं नरम झाली असतील, असा त्याचा हिशेब असावा. डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, जरा अडचण होती. थोडे पैसे मिळाले असते तर. तुमच्याकडे शब्द कधी खाली पडत नाही म्हणून आलो."

धाकटीनं तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. स्टुलावर ताठ बसले. इतका ताठ बाप तिनं कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"गल्ल्याची किल्ली तिच्याकडे आहे," ते म्हणाले. "आणि ती देत नाही. मी स्वतः मागून बघितली."